भाजीतलं मीठ त्या घरचं

मी चौथी शिकलो. पाचवीत बसायच्या आधीच बापानं वांग्याच्या रोपांची टोपली डोक्यावर दिली, ती अजून पुरती उतरलेली नाही. म्हणून माझं लिहिणं बोलण्यासारखंच येतं. कोणाला अडलं तर मोठ्यानं वाचून पाहावं, समजेल.

पण एक गोष्ट मी छाती ठोकून लिहितो. चिखलीकडच्या आमच्या पट्ट्यात रोडगे भाजणारे पुष्कळ असतील, माझ्यासारखा कोणी नाही. कणकेच्या पोळीत पोळी घालून गोळा करायचा, गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, आग बसली की निखाऱ्यात गोळे पुरायचे आणि राखेत फुगू द्यायचे. किती वेळ, ते घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. माझा रोडगा मुठीत दाबला की पापुद्रे सुटे होतात. त्यावर तूप, बाजूला वरण आणि वांग्याची भाजी. वांगी माझ्याच मळ्यातली. हे मी चाळीस वर्षांपासून करून राहिलो, आणि आजवर माझ्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठला नाही.

माझ्या घराला लागून गवंड्याचं घर. आमच्या दोन अंगणांच्या मधी कमरेएवढी भिंत आहे, तीही त्यानंच बांधलेली. तो पाच वेळा नमाज पढणारा, माझ्या गळ्यात तुळशीची माळ. मारुतीच्या देवळाचा ओटा त्याच्या हातचा, मशिदीची कमान त्याच्या हातची, शाळेची भिंतही त्याचीच. ओळंबा लावला की मग तो देव पाहत नाही आणि माणूसही पाहत नाही, भिंत सरळ आहे का तेवढंच पाहतो. मला हे आवडतं. मी पण तसाच आहे.

आमच्या दोन घरांत एक रीत आहे. त्याच्या घरी लग्न असलं की भिंतीच्या त्या अंगाला त्यांचा स्वयंपाक होतो, मटणाच्या देगा चढतात. आमच्या गावात अर्धे लोक माळकरी, ते मटणाच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. त्यांची पंगत माझ्या अंगणात, निंबाखाली. देवळाच्या भांड्यांत, माझ्या हातची. पण वांग्याच्या भाजीत मीठ टाकायचं ते त्या घरच्या माणसानं.

ही रीत माझ्या बापानं घातली. गवंड्याच्या आत्याचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट, बाप नेहमी सांगायचा. बाप भाजी करत होता आणि गवंड्याचा बाप लांब भिंतीपाशी उभा. आपला हात लागला तर लोक जेवणार नाहीत, म्हणून अंग चोरून उभा. माझ्या बापाला राग आला. तो म्हणाला, "काऊन बे, लग्न तुह्या घरचं अन् मीठबी माह्याच घरचं? मंग पोरगीबी माहीच म्हण अन् तू जाय खामगावले!" असं म्हणून त्यानं मिठाचं ताट त्याच्या हातात दिलं. त्या दिवशी सगळं गाव जेवलं. तेव्हापासून कणकेचं मीठ माझं, वरणाचं मीठ माझं, भाजीचं मीठ त्या घरचं.

आणि पंगतीचा स्वयंपाक करणारा माणूस चाखत नाही, कारण नैवेद्य आधी देवाला जातो. म्हणजे भाजीत मीठ किती पडलं ते मला सगळ्यांच्या नंतर समजतं. चाळीस वर्षांत एकदाही कमीजास्त झालं नाही. गवंडी मणभर भाजीचं मीठ मुठीनं असं टाकतो जसा सिमेंटात पाणी टाकतो.

आता लिहायचं ते मागच्या वैशाखातलं. गवंड्याच्या नातीचं लग्न ठरलं. ही पोरगी माझ्या अंगणात रांगली, माझ्या मेथीच्या वाफ्यात पडून तिनं पहिला दात पाडला. मला आबा म्हणते. मुलगा खामगावचा. व्याही पाहायला आला तेव्हा गवंड्यानं मला बोलावलं, चहा झाला आणि गवंडी मोठ्या फुशारकीनं बोलून गेला, "आमच्याकडे लग्नात अख्खं गाव जेवते. बाजूले भाऊचे रोडगे राह्यतात."

व्याही हसला. म्हणाला, "आमच्याकडेही जेवत होते. आता कोण जेवते?"

गवंड्याचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "तुम्ही या तर खरे. मंग सांगजा."

झालं. बोललो मी, आणि बोललं की मी मागं घेत नाही.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी देवळाची भांडी मागायला गेलो. भांड्यांच्या खोलीची किल्ली माझ्या पुतण्याकडे असते. पुतण्या माझ्याच भावाचा, चाळिशीतला, भजनी मंडळात पखवाज वाजवतो. हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षांपासून त्याच्या फोनवर रोज कुठल्या तरी गावचं काहीतरी येतं आणि तो ते सगळ्यांना वाचून दाखवतो. कुठलं गाव म्हणून विचारलं तर त्याला सांगता येत नाही.

किल्ली मागितली तर म्हणाला, "काका, मंडळाले इचारा लागन."

"कायले?"

"दिवस बदलले. पोरं म्हणून राह्यले का यंदा तिकडच्या पंगतीले बसाचं नाही."

"पंगत माह्या अंगणात हाये. तिकडची कशी झाली?"

"मीठ तर तिकडचं ना."

मी त्याला त्या खोलीसमोर उभा केला. म्हटलं, "ह्या भिंती कोणाच्या हातच्या? देवाची भांडी त्याच्या भिंतीत सुखानं राह्यतात, अन् तुले त्याचं मीठ टोचते?"

त्यानं किल्ली काढली. काढली पण जाताना बोलला, "भांडी नेजा काका. माणसं कुठून आणसान?"

ते वाक्य मला लागलं. भांडी नेता येतात, माणसं नेता येत नाहीत. आणि माणसं आली नाहीत तर जाणार होती ती गवंड्याची इज्जत, तीही नव्या व्याह्यासमोर, नातीच्या लग्नाच्या दिवशी. माझी तर जाणारच होती, पण माझ्या इज्जतीचं मी पाहून घेतलं असतं.

बात गवंड्याच्या कानावर गेलीच. संध्याकाळी भिंतीवर कोपर टेकून म्हणाला, "भाऊ, यंदा चाळीस माणसाचंच करा."

"दीडशाचं करीन."

"कोण खाईन?"

"मी एकटा खाईन. तू गोवऱ्या पाठवजो."

"भाऊ, ऐका ना."

"नाही ऐकत."

तो हसला, पण नेहमीसारखा नाही हसला. मी ते पाहिलं होतं, मनावर घेतलं नाही. इथंच माझं चुकलं, पण ते पुढं येईल.

लग्नाच्या दिवशी पहाटे उठलो, आंघोळ, माळेला हात, शुगरची गोळी. दीडशे रोडग्यांची कणीक तिंबायला मी, माझी म्हातारी, मुलगा आणि सून. उन्हं अंगणात आली तोवर जगरा बसला होता. वांग्याची भाजी मोठ्या गंजात रटरटत होती. मी भिंतीवरून आवाज दिला, तसाच देतो नेहमी, "गवंडी, मीठ आण रे!"

तो ताट घेऊन आला. ताटावर फडकं. भाजीला मिठाची वेळ आणि जग्र्यात रोडगे उलटायची वेळ एकच येते, म्हणून मी दरवेळी पाठ फिरवून जग्र्याकडे जातो. तसाच गेलो. तो गंजापाशी उभा राहिला, झाकण वाजलं, तो गेला. चाळीस वर्षांत मी कधी वळून पाहिलं नाही. पाहायचं काय त्यात?

म्हातारीनं नैवेद्य मारुतीला नेला. मारुतीरायानं काही तक्रार केली नाही.

निकाह लागला. गोड तोंड झालं. भिंतीच्या त्या अंगाला पाहुणे जेवायला बसले. ह्या अंगाला मी तट्टे अंथरले, पहिल्या पंगतीची पंचवीस पानं मांडली आणि वाट पाहत उभा राहिलो.

माझ्या अंगणातून देवळाचा पार सरळ दिसतो. पारावर माणसं होती. पन्नास-साठ असतील. आंघोळ केलेली, टोप्या घातलेली, म्हणजे घरी चूल न पेटवता निघालेली माणसं. पण उठेना कोणी. एक उठल्यासारखा करी, दुसऱ्याकडे पाही, परत बसे. मधी माझा पुतण्या, गुडघ्यावर पखवाजासारखा ताल धरून.

भिंतीपलीकडून व्याही माझ्या रिकाम्या पानांकडे पाहत होता. हसत नव्हता, ते त्याचं चांगलं. पण पाहत होता.

गवंडी आला, हात जोडून म्हणाला, "भाऊ, भरून पावलो. पानं उचला."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पहिल्या पानावर जाऊन मांडी घातली. मुलाला म्हटलं, "वाढ."

"बाबा, एकटेच?"

"वाढ म्हटलं ना."

आता आमच्याकडच्या पंगतीचे दोन नेम सांगतो. पंगत पूर्ण भरल्याशिवाय पहिला घास तोडत नाहीत. आणि पान वाढल्यावर न जेवता उठत नाहीत. हे दोन्ही नेम गावात लहान पोरालाही माहीत. म्हणजे मी बसलो तो असा बसलो की मला खाताही येईना आणि उठताही येईना. जोवर उरलेली चोवीस पानं भरत नाहीत, तोवर. पारावरच्या माणसांना ते दिसत होतं. मी त्यांच्याकडे तोंड करूनच बसलो होतो.

निंबाची सावली माझ्या अंगावरून सरकली. डोक्यावर ऊन आलं. पानावरचं तूप वितळून कडेला गेलं. म्हातारी आली, कमरेवर हात ठेवून.

"सकाळी गोळी घेतली ना? पोटात कण नाही. चक्कर येऊन पडसान."

"पडलो तर पानावर पडीन."

"आग लागो तुमच्या हट्टाले!" हे ती मुद्दाम पारापर्यंत ऐकू जाईल असं बोलली. मी पन्नास वर्षं संसार केला आहे तिच्यासोबत, मला समजतं.

गवंडी परत आला. "भाऊ, माह्यासाठी उठा."

"पंगत माही हाये. मले उठवणारा तू कोण?"

डोळ्यापुढं थोडं पांढरं दिसायला लागलं होतं. कोणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात पारावरून एक माणूस उठला. तो माझ्या बांधाला लागून शेत असलेला. बांधावरच्या बाभळीवरून आमचं भांडण झालं, तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी शब्द बोललो नव्हतो. समोरून आला तर मी रस्ता बदलायचो आणि तो थुंकायचा. तो काठी टेकत आला, माझ्या शेजारच्या पानापाशी उभा राहिला.

"सरक."

अकरा वर्षांतला पहिला शब्द. मी सरकलो.

खाली बसत तो म्हणाला, "तुह्यासाठी नाही आलो बे. रोडगे थंडे होऊन राह्यले. चांगल्या रोडग्याची माती पाहवत नाही."

मी म्हटलं, "तुले कोणी इचारलं?"

"नको इचारू."

त्याच्या मागून दोन म्हातारे आले. मग पाच. मग भजनी मंडळातले टाळवाले. पानं भरत गेली. शेवटी पुतण्या आला, पण बसायला नाही. माझ्यासमोर उकिडवा झाला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, गोळी घेतली म्हणे तुम्ही. उठा. तुम्हाले काही झालं तर माह्यावर येईन."

"मंग बस."

"काका..."

"एक पान खाली हाये. मोजून घे."

त्यानं रांगेकडे पाहिलं. खरंच एकच पान रिकामं होतं, शेवटचं. तो गेला आणि त्या पानावर बसला. मान खाली.

देवाचं नाव घेतलं. पंचवीस हात एकदम पानाला लागले. मी रोडगा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला.

भाजी अळणी होती.

अळणी म्हणजे कमी मीठ नाही. मीठ नाहीच. चाळीस वर्षांच्या माझ्या नावाला त्या एका घासात काय झालं ते मीच जाणतो. सगळे चावत होते आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. अळणी म्हटलं तर माझा अपमान, न म्हटलं तर घास उतरेना.

शेजारचा बांधवाला मात्र सुखानं चावून, गिळून मोठ्यानं बोलला, "अकरा वर्षं वाट पाह्यली याच्यात खोट काढाले, आज सापडली. अबे, मीठ कुठी हाये?"

सगळी पंगत हसली. मी नाही हसलो. मी भिंतीकडे पाहिलं. गवंडी भिंतीला टेकून उभा होता, अगदी जिथं त्याचा बाप उभा राहिला असेल तिथं. मी बोटानं बोलावलं. तो वाकला आणि माझ्या कानात म्हणाला, "टाकलंच नाही भाऊ. ताट आणलं तसं परत नेलं. म्हटलं, माह्या हातचं मीठ नसलं तर कोणाले नाही म्हणाचं कारण राह्यणार नाही. तुम्ही चाखसान अन् टाकसान वाटलं."

"मी चाखतो का कधी?"

"इसरलो. डोकं ठिकाणावर नव्हतं."

मला एवढा राग आला की चक्कर पळून गेली. दोघंही एकाच अंगणात उभे, दोघंही एकाच गोष्टीसाठी धडपडत, आणि भाजी अळणी! मी बसल्या जागेवरून ओरडलो, "आण ते ताट!"

तो गेला, ताट घेऊन आला. फडकं अजून तसंच होतं.

"आता तूच वाढ. पह्यल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. एकही सोडू नको."

गवंड्यानं चपला काढल्या. त्याला आमच्या पंगतीत वाढायची सवय नव्हती, प्रत्येक पानापाशी गुडघा टेकून चिमूट सोडत होता. चिमूट मात्र ओळंबा लावल्यासारखी, प्रत्येक पानाला सारखी. माझ्या पानावर वाढलं. बांधवाल्याच्या पानावर वाढलं, तो म्हणाला, "टाक अजून, माळ्याच्या भाजीले लागते." म्हातारे, टाळवाले, एकेक जण पान पुढं करत गेला. कोणी नको म्हटलं नाही. अळणी भाजी समोर असताना कोण म्हणेल? पण मी तोंडं पाहत होतो. मिठाच्या गरजेनं पान पुढं करणं वेगळं आणि त्याच्याकडे पाहून पुढं करणं वेगळं. त्यांनी पाहून केलं. हे मी माझ्या माळेवर हात ठेवून लिहितो.

शेवटच्या पानापाशी गवंडी थांबला. चिमूट हवेत. पुतण्या मान खाली घालून होता. पूर्ण पंगतीचे हात थांबले. भिंतीपलीकडं व्याही उभा होता, नवरदेवही येऊन उभा राहिला होता.

पुतण्यानं पान दोन बोटं पुढं सरकवलं. म्हणाला, "गवंडीकाका, मले थोडं जास्त द्या. मले खारटच पाह्यजे."

गवंड्यानं एकाच्या जागी दोन चिमटी टाकल्या. मी पाहिलं, जास्तच झालं होतं. पुतण्यानं सगळी भाजी खाल्ली. वर पाणी पिऊन म्हणाला, आता बरोबर आहे.

त्यानंतर पंगती उठत गेल्या आणि बसत गेल्या. दुसरी, तिसरी, चौथी. गंजात मीठ टाकून झालं होतं, तरी पोरं मिठाचं ताट मागत होती, उगाच. पुतण्या उठून वरणाची बादली घेऊन वाढायला लागला, कोणी सांगितलं नव्हतं. आणि हे लिहितोच: दीडशे रोडगे कमी पडले. गवंडी चाळीस म्हणत होता. म्हातारीला शेवटच्या दहा-बारा जणांसाठी पोळ्या टाकाव्या लागल्या आणि ती पोळ्या टाकता टाकता मला शिव्या देत होती, दोनशेचे का नाही केले म्हणून.

नवरी निघायच्या आधी भिंतीपाशी आली. म्हणाली, "आबा, माह्याच लग्नात अळणी केली न?"

मी म्हटलं, "तुह्या आजाले इचार." आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. ऊन लागलं होतं.

व्याही जाताना मला भेटला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. मीच म्हटलं, "सांगा आता. कोण जेवते?" तो म्हणाला, "पुढच्या वर्षी माह्या धाकट्याचं हाये. खामगावले येसान का रोडगे कराले?" मी म्हटलं, "येईन. पण मीठ तुम्हाले टाका लागन."

बांधवाला आणि मी अजूनही बोलत नाही. बाभळीचं काही मिटलेलं नाही. पण रस्ता मी बदलत नाही आता, आणि तो थुंकत नाही. एवढं पुरे दोन म्हाताऱ्यांना.

गेल्या महिन्यात पुतण्यानं नवीन घर बांधलं. बांधणारा कोण, ते सांगायला नको. वास्तूची पंगत होती, रोडगे माझे. त्या घरात लग्न नव्हतं, गवंड्याच्या घरचं तर काहीच नव्हतं, म्हणजे रीतीनं मीठ माझंच. भाजी रटरटायला लागली तसा पुतण्या अंगणातून ओरडला, "गवंडीकाका, मीठ आणा!"

गवंडी ताट घेऊन आला. सून माझ्या कानाशी लागली, "बाबा, आता तरी वळून पाहा, नाही तर एक थेंब चाखा."

मी नाही पाहिलं. जग्र्यात रोडगे उलटायची वेळ झाली होती.

भाजी बरोबर झाली होती.